उतरताना जेवू

टीव्हीवर मी एकूण अकरा सेकंद दिसले. त्यातले सात सेकंद माझी पाठ दिसते, दोन सेकंद चुलीचा धूर आणि उरलेले दोन सेकंद मी कुणावर तरी ओरडते आहे. पण काय ओरडते आहे ते ऐकू येत नाही, कारण त्यावर कार्यक्रमवाल्यांनी ढोलकी वाजवली आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या सोसायटीत, शाळेत आणि बाजारातल्या निम्म्या चिक्कीच्या दुकानांत या अकरा सेकंदांचा ज्याने त्याने आपापला अर्थ लावला आहे. मला मात्र एकानेही विचारलेलं नाही की, श्रद्धा, खरं काय झालं गं? तर खरं काय झालं ते असं.

कार्यक्रमाचं नाव 'आता आमचा धंदा'. प्रत्येक भागात दोन शाळांचे दोन संघ, संघात तिघं, अर्धा दिवस एक खराखुरा धंदा चालवायचा, जिंकेल तो संघ मुंबईला अंतिम फेरीत. नाव ऐकून आई म्हणाली, "शाळेतल्या मुलांचा कार्यक्रम आणि नावात धंदा?" मी म्हटलं, "आई, 'उद्योग' म्हटलं की लोक चॅनेल बदलतात." आई म्हणाली, "मी पण तेच करणार होते."

संघाची कप्तान अर्थात मी. गेल्या वर्षीपर्यंत माझी 'हजर बाई' मागच्या बाकावरूनसुद्धा ऐकू जात नसे. मग मे महिन्यात पाच दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर झालं आणि सहाव्या दिवसापासून मी बोलायला लागले ती अजून थांबलेली नाही. शिबिरात शिकवलं होतं की नेता निर्णय झटपट घेतो, मागे वळून पाहत नाही आणि नकारात्मक माणसांपासून लांब राहतो. (शिबिराची फी परत मिळते का, असं आईने मध्यंतरी दोनदा विचारलं.) संघात आणखी दोघं: श्रीयश, जो प्रत्येक गोष्टीची वही करतो, आणि कार्ल्याचा समर्थ, ज्याच्या अंबूआत्याचं लोहगडवाडीत गडाच्या पायऱ्यांपाशी हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे वर पत्रा, खाली दोन चुली, चार बाकं. आमचा सामना नेमका तिथेच ठरला. घरच्या मैदानावर सामना! मी त्याच दिवशी विजयाचं भाषण लिहायला घेतलं.

पण आधी कागदपत्रं. चॅनेलवाले म्हणाले, आधी शाळेचं परवानगीपत्र आणा, मग आमचं निवडपत्र देऊ. शाळेच्या ऑफिसातले म्हणाले, आधी निवडपत्र आणा, त्याशिवाय परवानगी कशाची द्यायची? असे आठ दिवस गेले. शेवटी प्रश्न बाबांनी सोडवला. बाबा देहूरोडच्या लष्करी डेपोत आहेत आणि तीन प्रतींशिवाय दूधवाल्याला चिठ्ठीही लिहीत नाहीत. त्यांनी चॅनेलच्या माणसाला शाळेत बोलावलं, ऑफिसच्या खिडकीपाशी उभं केलं आणि "एक, दोन, तीन" म्हटल्यावर दोन्ही पत्रं एकदम हातोहात बदलली. ओलिसांची अदलाबदल असते ना, अगदी तशी. मग बाबांनी कार्यक्रमाच्या नियमांची चौदा पानं घरी आणली आणि लाल पेनाने वाचली.

"श्रद्धा, नववं पान बघ. भोंगा एक वाजता. त्याआधी जेवून उठलेली ताटंच मोजणार."

"हो बाबा."

"आणि पान चार. नातेवाइकांची ताटं धरणार नाहीत."

"बाबा, तुम्ही फार नकारात्मक विचार करता."

बाबांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेपर उघडला. त्या टोपणाचा टक् असा आवाज मला अजून ऐकू येतो.

सोसायटीला बातमी कळल्यावर तर सल्ल्यांचा पूरच आला. पदार्थ दोनच होते, कांदेपोहे किंवा पिठलं-भाकरी, आणि नाणेफेक जिंकेल त्याने आधी निवडायचा. पण वरच्या मजल्यावरच्या अनसूयाकाकूंचं म्हणणं, "दोन्ही सोड. चिक्की विक." मी म्हटलं, "काकू, नियमात नाही." काकू म्हणाल्या, "नियमात नसेल, लोणावळ्यात आहे ना?" रेल्वेतून निवृत्त झालेल्या सुहासकाकांचं मत पडलं की सगळं ओरडण्यावर असतं. त्यांनी मला चार संध्याकाळी जिन्यात उभं करून "पिठलं-भाकरीय्य्य" असं ओरडायला लावलं. "पोटातून! गाडी सुटतेय आणि तुझं शेवटचं गिऱ्हाईक खिडकीत आहे असं समज!" तिसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरून एक डबा आणि पंचवीस रुपये खाली आले. नव्या भाडेकरूंनी खरंच दोन भाकऱ्या मागितल्या होत्या.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी प्रार्थनेनंतर जाहीर करून टाकलं, "आपली श्रद्धा अंतिम फेरीत जाणारच." सहाशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे आता हरायची सोयच राहिली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे माझी दया यायला उपयोगी पडेल.

आदल्या दिवशी आम्ही अंबूमावशींना भेटायला गेलो. समर्थची ती आत्या, आमची मावशी. बारीक, ताठ, बोलताना हातातली काटकी थांबत नाही. मी शिबिरात शिकवलं होतं तसा हात पुढे केला. त्यांनी त्यात कांद्यांची टोपली दिली.

"हे बग पोरी," त्या म्हणाल्या, "समर्थ्या म्हनला म्हून रविवार तुमाला दिला. रविवारावं आमचा आठवडा चालतो. काय बी करा. फकस्त येक. वर जाताना जो मानूस 'मावशी, उतरताना जेवतो' म्हनून जातो, तो हितनं उपाशी जायाचा न्हाई. बावीस वर्सं न्हाई गेला."

"मावशी, माझा शब्द आहे," मी म्हटलं. आवाज इतका भारदस्त निघाला की माझं मलाच कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी गडावर धुकं, वाटेवर गाड्या आणि आमच्या समोरच्या हॉटेलात विरुद्ध संघ. ते हॉटेल रखमाजीआबांचं. संघ तळेगावच्या एका शाळेचा: तिघांच्या टोप्या सारख्या, बूट सारखे, हसणंसुद्धा सारखं. कप्तान राजेश्वरी. तिने मला "ऑल द बेस्ट" म्हटलं. मी म्हटलं, "गरज तुलाच पडेल." (हे वाक्य टीव्हीवर दाखवलं नाही, त्याबद्दल मी चॅनेलची आभारी आहे.)

दिग्दर्शक होते सत्यम सर. कानाला यंत्र, हातात वॉकीटॉकी, आणि लहानमोठ्या सगळ्यांना "डियर". ते मावशींनाही "डियर" म्हणाले. मावशींनी समर्थला विचारलं, "डोळं अधू हायेत का त्याचं? मला दुसऱ्याच कुनाच्या तरी नावानं हाक मारतोय."

नाणं उडालं. मी जिंकले! कॅमेरा माझ्यावर. समर्थ माझी बाही ओढायला लागला, "अगं पन ऐक की, पोहे..." पण नेता झटपट निर्णय घेतो. मी म्हटलं, "पोहे काय, कुणीही करतं. आम्ही मावळची शान घेणार. पिठलं-भाकरी!" राजेश्वरी म्हणाली, "थँक यू." मला वाटलं, किती चांगले संस्कार आहेत मुलीवर.

आता ज्याला गडाखालच्या हॉटेलांची रीत माहीत आहे, त्याने एव्हाना कपाळावर हात मारला असेल. समर्थने मारलाच होता. वर चढायच्या आधी लोक पोहे खातात. पिठलं-भाकरी गिळून पायऱ्या कोण चढणार? जाताना नुसतं सांगायचं, "मावशी, चार ताटं, उतरताना जेवू." मावशी बेताने भाकऱ्या टाकायला घेतात, माणसं गड बघून येतात, गरम जेवतात आणि घरी जातात. लोहगडवाडीतल्या शेळ्यांनासुद्धा हे ठाऊक आहे. मी लोणावळ्यात जन्मले, वाढले, सात वेळा लोहगडावर गेले, सातही वेळा उतरताना जेवले, आणि तरी हे मला सुचलं नाही, कारण मी मागे वळून पाहत नव्हते.

नऊ वाजता मी सुहासकाकांच्या पद्धतीने आरोळी ठोकली. वाट थांबली. एक माणूस घाबरून छत्री उघडून उभा राहिला. पण ऑर्डरी धडाधड यायला लागल्या!

"ताई, सहा ताटं. उतरताना."

"आमची तीन. येताना जेवू हं."

मला आकाश ठेंगणं झालं. श्रीयशची वही भरत चालली: नाव, शर्टाचा रंग, भाकऱ्या किती, ठेचा तिखट की मध्यम. अंबूमावशी वहीकडे बघून हसल्या. त्या नुसत्या मान हलवून लक्षात ठेवत होत्या. "लाल छत्री चार. टकलू अन् त्याचा टकलू भाऊ, दोन. त्ये बग भांडत चाललंय जोडपं, दोन सांगितल्यात. पन येकच टाकते. भांडलेल्या बाईला भूक नसती."

साडेदहाला श्रीयशने जाहीर केलं, "एकशे त्रेचाळीस ताटं!" मी समोर पाहिलं. राजेश्वरीच्या बाकांवर लोक पोहे खाऊन उठत होते, पुढचे बसत होते आणि एक मुलगी चॅनेलची पिवळी ताटं मोजून रचत होती. एकशे आठ, एकशे नऊ. मला तिची कीव आली. एकशे त्रेचाळीस कुठे आणि एकशे नऊ कुठे!

"श्रद्धा," समर्थ म्हणाला, "आपलं येक बी ताट उठलं न्हाई अजून."

"उतरतील ना आता."

"भोंगा येकला हाय."

तेव्हा पहिल्यांदा मला ते टोपण आठवलं. टक्.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. गडावरून कुणी म्हणता कुणी उतरेना. भाकऱ्यांची चळत वाढत होती. मीही एक थापली. तिचा आकार साधारण आपल्या तालुक्याच्या नकाशासारखा झाला. मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. "ऱ्हाऊ दे. संध्याकाळी म्हशीला व्हईल."

सत्यम सर आमच्याच पत्र्याखाली उभे राहून वॉकीटॉकीत बोलत होते. "वर विंचूकाट्याच्या माचीवर सगळ्यांना थांबव डियर. धुकं जाऊ दे. मला गर्दी हवी, सगळे हात हलवताना. कुणाला खाली सोडू नकोस." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. ऐकून मी काय केलं? मी केस नीट केले. मला वाटलं, मोठा शॉट आहे, आपणही त्यात येऊ.

बारा वाजता आमच्या मदतीला आई, बाबा, अनसूयाकाकू आणि सुहासकाका येऊन पोचले. मला रडूच यायचं बाकी होतं. "बसा! जेवा! लवकर जेवा!" चौघं जेवले. तेवढ्यात पायऱ्यांवरून दोन माणसं उतरली. एकाचा पाय मुरगळला होता आणि दुसरा त्याला धरून आणत होता. देवाची शपथ, कुणाचा पाय मुरगळल्याचा मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. त्यांनाही बसवलं. सहा ताटं! शून्यापेक्षा सहा कितीतरी बरी. मोजणारा आला. तोच बाबा उठले, रुमालाने हात पुसले आणि म्हणाले, "एक मिनिट. मी मुलीचा वडील. ही माझी पत्नी. पान चार. आमची दोन धरू नका."

"बाबा!"

"आणि हे शेजारी असले तरी अनसूया माझी लांबची मामेबहीण लागते. सुहास तिचे यजमान. म्हणजे चारही गेली."

"लांबची म्हणजे किती लांबची?" मोजणाऱ्यालाच दया आली होती.

"नियमात अंतर दिलेलं नाही," बाबा म्हणाले.

अनसूयाकाकू मला हळूच म्हणाल्या, "म्हणून म्हटलं होतं, चिक्की विक."

भोंगा वाजला. राजेश्वरी: एकशे अठरा. श्रद्धा: दोन. त्या दोनातलाही एक जण लंगडत होता.

चॅनेलच्या माणसांनी दोन्हीकडची पिवळी ताटं पेट्यांत भरून कुलूप लावलं, कारण निकाल लागला की पुरावा सील करायचा, असा नियम पान अकरावर आहे. (बाबांनी सांगितलं.) सत्यम सर टाळी वाजवून म्हणाले, "चला डियर, दुकान बंद! चूल विझवा, धूर फ्रेममध्ये येतोय. दोन्ही कप्तान इकडे. श्रद्धा, तू रडशील तर फारच छान होईल."

मी जाणारच होते. खोटं कशाला सांगू? भाषण खिशात होतं. विजयाचं होतं, पण चार शब्द बदलून पराभवाचंही झालं असतं. सहाशे मुलांना तोंड दाखवायचं होतं, आणि जे तोंड दाखवायचं ते निदान टीव्हीवरून दाखवलेलं बरं.

तेवढ्यात धुक्यातून आधी आवाज आले, मग छत्र्या आल्या. लाल छत्री पुढे. तिच्यामागे टकलू, त्याचा टकलू भाऊ, सहा ताटंवाले, तीन ताटंवाले. पायऱ्यांवर नुसती रांग!

"मावशी, आलो! भुकेने जीव गेला. तुमच्या त्या टीव्हीवाल्यांनी वर दीड तास हात हलवायला लावले!"

अंबूमावशींनी चुलीकडे पाहिलं, मग कुलूपबंद पेट्यांकडे, मग माझ्याकडे. हातातली काटकी थांबली होती. बावीस वर्षं एका बाजूला आणि माझा कालचा भारदस्त आवाज दुसऱ्या बाजूला.

"मावशी, तुमची स्वतःची ताटं?"

"ह्या टीव्हीवाल्यानं काल टेम्पोत घालून गावात धाडली. म्हनं, फोटुत चांगली दिसत न्हाईत."

"श्रद्धा डियर!" सत्यम सर. "कॅमेरा सुरू आहे!"

मी समर्थकडे पाहिलं. समर्थ म्हणाला, "शेतावर कुटं असत्यात ताटं? हातावर भाकरी, भाकरीवर पिठलं, वर ठेचा."

आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचं पूर्ण ऐकून मग निर्णय घेतला. "सत्यम सर," मी ओरडले, "आत्ता नाही! यांचं झालं की येते!" (ढोलकी वाजते ती इथे.) आणि मी कॅमेऱ्याकडे पाठ केली. ते सात सेकंद हेच.

मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. श्रीयश वही वाचतोय, "निळा शर्ट, तीन, तिखट!" आणि वहीत सगळेच निळे शर्ट निघताहेत. मावशी वहीशिवाय माणूस बघून भाकऱ्या देताहेत आणि एकही चुकत नाहीये. आई पदर खोचून थापायला बसली, अनसूयाकाकू भाजायला. सुहासकाका रांगेवर ओरडताहेत, "पुढे सरका, पुढे सरका, दारात उभे राहू नका!" दार नव्हतंच. बाबांनी रांगेला नंबर दिले, तीन प्रतींत नाही, तोंडी. भांडत गेलेलं जोडपं हातात हात घालून उतरलं आणि त्यांनी तीन भाकऱ्या मागितल्या. मावशी बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकल्या आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त आनंद झाला. "वर बोलाचाली मिटली जनू!"

राजेश्वरी एकटीच निकालासाठी जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवर उभी होती. थोड्या वेळाने ती टोपी काढून आली. "मी काय करू?"

"ठेचा वाढ. आणि ते थँक यू मनापासून होतं का?"

"अगदी मनापासून," ती म्हणाली. मग आम्ही दोघी वाईट हसलो.

तीन वाजता रांग संपली. एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस जेवले. मावशींनी चुलीपुढे बसून पाय लांब केले. तेव्हा सत्यम सर पत्र्याखाली आले. सकाळपासून त्यांच्या पोटात नुसता चहा होता. मघाचा डियरचा तोरा पार उतरला होता.

"मावशी, एक मिळेल का?"

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "आज हाटेल तिचं हाय. तिला इचारा."

मी कमरेवर हात ठेवले. "सर, जाताना सांगून गेला होतात?"

"मी... मी वर गेलोच नव्हतो."

"मग उतरणार कसे?"

माणूस खरोखर हिरमुसला. मला दया आली. शिबिरात ही शिकवलेली नाही, माझी मूळचीच आहे. मी शोधलं. पिठलं खरवडून मूठभर निघालं. भाकरी मात्र एकच उरली होती, म्हशीसाठी बाजूला ठेवलेली. मी त्यावर पिठलं घातलं आणि काही न बोलता त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला आणि तोंडातला घास न गिळताच कॅमेरावाल्याला खूण केली.

तो भाग परवाच्या शनिवारी दाखवला. आमच्या घरात सगळी सोसायटी जमली होती. माझे अकरा सेकंद येऊन गेले, कुणाला धड कळलेही नाहीत. मग राजेश्वरीचा निकाल, टाळ्या, फुगे. आणि सगळ्यात शेवटी, सनईच्या सुरावर, सावकाश, जवळून, पडदाभर: हातावर एक भाकरी. खाली अक्षरं आली, 'मावळची अस्सल चव'. भाकरी पूर्ण एकोणीस सेकंद दाखवली. श्रीयशने घड्याळ लावून मोजली.

आई चष्मा सावरत पुढे वाकली.

"श्रद्धा," ती म्हणाली, "ही तुझी आहे. मी कुठेही ओळखीन."